नाकाता, हिदेतोशी (ऑनलाइन लोकप्रियता)

हिदेतोशी नाकाता (जन्म 22 जानेवारी 1977, कोफू, यामानाशी प्रांत) हा जपानचा निवृत्त मिडफिल्डर. 1998, 2002 आणि 2006 चे वर्ल्ड कप, देशाकडून 77 मॅच आणि 11 गोल, 1997 व 1998 ला आशियातला सर्वोत्तम खेळाडू, हे फुटबॉल बघणाऱ्यांना पाठच असतं. ही नोंद इंटरनेटवरच्या त्याच्या चाहत्यांबद्दल, जे त्याने खेळ सोडल्यावरही हटलेले नाहीत.

सुरुवात नेमकी कशी झाली यावर वाद आहे. त्याची नाकाता डॉट नेट ही वेबसाइट साधारण 1998 च्या सुमाराची, म्हणजे तो इटलीत पेरुजा क्लबला गेला त्याच काळातली धरतात. काहींच्या मते हे सगळं मॅनेजमेंट कंपनीचं मार्केटिंग, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण 1998 च्या सुरुवातीला राष्ट्रगीताबद्दलचं त्याचं बोलणं पेपरात छापून आलं, उजव्या गटांनी त्याला धारेवर धरलं, आणि तेव्हापासून पत्रकारांशी तो तोडून वागायला लागला, जे काय सांगायचं ते मेलसारख्या छोट्या पोस्ट लिहून थेट चाहत्यांना सांगायचा, त्यामुळे हे दुसरं कारण जास्त पटतं. ट्विटर, इन्स्टा यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही! निवृत्तीसुद्धा त्याने 3 जुलै 2006 ला याच साइटवर जाहीर केली, वय फक्त 29, आणि पत्राचं शीर्षकच असं की आयुष्य म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे आयुष्य.

आजच्या पोरांना तो भेटतो तो मुख्यतः क्लिपमधून. सगळ्यात जास्त फिरते ती 6 मे 2001 ची तुरीनमधली इटालियन लीगची युव्हेंटस-रोमा मॅच, तेव्हा तो रोमाकडे होता. युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूंवरची मर्यादा इटालियन फेडरेशनने मॅचच्या जेमतेम काही दिवस आधी उठवली म्हणून तर तो बेंचवर बसू शकला, नाहीतर क्लिपच नसती. रोमा 0-2 मागे, तासाभराने रोमाचा कॅप्टन टोट्टीला बाहेर काढून नाकाताला आत पाठवलं, आणि 79 व्या मिनिटाला लांबून मारलेला बॉल थेट वरच्या कोपऱ्यात. शेवटी त्याचाच आणखी एक शॉट युव्हेंटसचा गोलकीपर व्हॅन डर सारला नीट धरता आला नाही, सुटलेला बॉल रोमाच्या मोंतेलाने आत ढकलला, 2-2. त्या सीझनचं लीगचं विजेतेपद रोमाने पटकावलं. खाली कमेंटमध्ये टोट्टीला काढल्याचा विषय अजून निघतोच.

दुसरी क्लिप 22 जून 2006 ची, डॉर्टमुंड, ब्राझीलकडून 1-4 हार, आणि नंतर मधल्या सर्कलमध्ये तो बराच वेळ पाठीवर पडून. ती त्याची शेवटची मॅच होती हे जगाला नंतर कळलं.

ईए स्पोर्ट्सच्या फुटबॉल गेममध्ये जुन्या दिग्गजांबरोबर त्याचंही कार्ड आहे, त्याला लाइव्ह कधीच न बघितलेली मुलं तिथूनच त्याला ओळखतात. कपडे आणि केसांमुळे फॅशनवालेही त्याचे जुने फोटो शेअर करतात. निवृत्तीनंतर तो जपानभर फिरून हस्तकलेच्या वस्तू आणि साके (तांदळाची जपानी दारू) बनवणाऱ्यांना भेटला, साकेची कंपनी काढली, साकेनोमी नावाचं ॲपही आणलं.