कापसाच्या चुकाऱ्यावर चाललेली टॉकीज

विदर्भात तालुक्याच्या गावांमधल्या टॉकीज एकेक करून बंद पडल्या. कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे खताचं गोदाम, कुठे नुसताच पत्रे उडालेला सांगाडा उभा आहे. ‘टीव्ही आला आणि टॉकीज गेली’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. आपल्याकडची टॉकीज वावरातल्या पिकावर उभी राहिली होती. तिचे बरे-वाईट दिवस समजून घ्यायचे तर आधी कापूस, त्याचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे), जत्रा आणि एसटी बघावी लागते.

सुरुवात तंबूपासून. मुंबईत १८९६ साली वॉटसन हॉटेलात पहिली हलती चित्रं दाखवली गेली, १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, १९३१ मध्ये पडदा बोलू लागला. खेड्यात मात्र वीजच नव्हती. टुरिंगवाला, म्हणजे फिरत्या तंबू-टॉकीजचा मालक, जनरेटर, मशीन, पडदा आणि कनाती घेऊन फिरायचा आणि माणसं आधीच जमलेली असतील तिथे तंबू ठोकायचा. चांदूरबाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. हंडीतलं मटण, रोडगे, तमाशा आणि टुरिंग टॉकीज यांसाठी ती वऱ्हाडभर प्रसिद्ध झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीची रंगनाथस्वामींची जत्रा महाशिवरात्रीच्या सुमाराची, बैलबाजाराची. दोन्ही जत्रांचा काळ पाहा. कापूस घरात आलेला किंवा विकलेला, चुकारा हातात पडलेला, उलंगवाडी, म्हणजे कापसाच्या हंगामाची अखेर, जवळ आलेली. बंडी जुंपून अख्खं घर निघायचं ते याच दिवसांत.

तंबूत मशीन बहुधा एकच असायचं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन जोडली तरी वीस-बावीस मिनिटांनी थांबावं लागे. मग दिवा लागायचा, ऑपरेटर रीळ बदलायचा, तेवढ्यात शेंगदाणेवाला फिरून जायचा. परवानाही ठरावीक मुदतीचा. मुदत भरली की तंबू उपटून पुढचं गाव. पावसाळ्यात तर धंदा बंदच.

पक्की टॉकीज आली ती जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायचे कारखाने) असलेल्या, रेल्वेच्या किंवा बाजारपेठेच्या गावात. मशीन दोन झाली, त्यामुळे सिनेमा सलग दिसू लागला. पुढे थर्ड क्लासचे बाक, मागे खुर्च्या, वर बाल्कनी, लेडीजला वेगळी बाजू. छप्पर पत्र्याचं. जोराचा पाऊस आला की संवाद ऐकूच यायचा नाही, लोक चित्रावरून गोष्ट लावायचे. उजेड कार्बनच्या कांड्यांचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर जळत राहायच्या, आणि जळता जळता त्यांच्यातलं अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा. ऑपरेटर काळ्या काचेतून ठिणगीवर नजर ठेवून, हाताने कांडी पुढे सरकवत त्या कोंदट खोलीत अख्खा खेळ उभा राहायचा. ज्याच्या हातावर सगळ्या गावाची करमणूक चालली, त्या माणसाचं नाव आपल्या गावांच्या इतिहासात कुठे सापडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खेळाच्या वेळाही आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या माणसाच्या सोयीने ठरत. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ भरायचा, कारण संध्याकाळचा पाहिला तर मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री खेड्यात थांबणारी शेवटची एसटी, चुकायची. पोळ्याच्या करीला, दिवाळीला नवं चित्र लावायचं. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. चुकारे लांबले की बाजारपेठ ओस पडायची, आणि टॉकीज त्या बाजारपेठेचाच भाग होती.

चित्रं यायची कुठून, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सिनेमाच्या धंद्याने देशाचे ‘सर्किट’, म्हणजे चित्रं वाटायचे विभाग, पाडले होते. विदर्भ मुंबई सर्किटमध्ये नव्हता, तो ‘सीपी-बेरार’मध्ये, म्हणजे इंग्रजी अमलातल्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या नावाच्या सर्किटमध्ये, होता. तो प्रांत १९५० मध्ये नावापुरताही उरला नाही, विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, पण वितरकांच्या वहीत सीपी-बेरार तसंच राहिलं. महाकोशल-छत्तीसगडचा मुलूख आणि आपण एकाच दावणीला. व्यवहार अमरावती आणि भुसावळहून चालायचा. हे सर्किट हिंदी चित्रावर चालायचं. आपल्या दोन पिढ्यांची सिनेमाची भाषा हिंदी झाली, ती यामुळेही.

प्रती मोजक्याच निघत. नागपूर-अमरावतीत चित्र चालून उतरलं की मग पेट्या तालुक्याला. पत्र्याच्या डब्यांतली रिळं रेल्वेने, पुढे एसटीच्या टपावरून यायची. इथे पोचेपर्यंत रीळ ओरखड्यांनी भरलेलं, तुटून-चिकटवून आखूड झालेलं. गाण्याचं एखादं कडवंच गायब! तरी गर्दी व्हायची, कारण दुसरं काही पाहायलाच नव्हतं.

चित्र असं उशिरा येणंच पुढे नडलं. १९८२ नंतर रंगीत दूरदर्शन पसरलं, १९८४ मध्ये लहान प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने वाढली, पाठोपाठ व्हिडिओ पार्लर आणि नव्वदीत केबल. टॉकीजला सहा महिन्यांनी मिळणारं चित्र कॅसेटवर आधीच पाहून झालेलं असे. २००५ नंतर उपग्रहावरून चित्र पाठवायची सोय झाली, रिळं गेली, आणि तालुक्यालाही मुंबईच्याच शुक्रवारी नवं चित्र लागू शकलं. जी सोय चाळीस वर्षं हवी होती ती आली तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि नवं मशीन बसवायची ऐपत अनेक मालकांकडे उरली नव्हती.

टीव्हीने सगळीच करमणूक मारली म्हणणाऱ्यांनी पूर्वेकडे, झाडीपट्टीत जाऊन यावं. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या धानाच्या पट्ट्यात टीव्हीही आहे आणि मोबाईलही. तरी धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटक चालतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांकडे गावकरी स्वतः जाऊन तारीख ठरवतात, मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) दिवशी पाहुणे बोलावतात. तिथे खेळ गावात येतो, पीक निघाल्यावर येतो आणि गावच तो बोलावतं. तंबूवाल्या टुरिंगची रीतही बरीचशी हीच होती. पक्क्या टॉकीजने मात्र गावाला तालुक्याला यायला लावलं, आणि परतीच्या गाडीची सोय एसटीवर सोडून दिली.