नोट जरा तिरकी धरा

पाचशेची नोट पुढे केली की आमची भाजीवाली ती आधी उन्हात धरते, मग कडेवरून अंगठा फिरवते, आणि "सुट्टे नाहीत का हो?" हे त्यानंतर विचारते. तेवढ्या दोन सेकंदांत तिचे दोन प्रयोग उरकलेले असतात, एक प्रकाशाचा आणि एक स्पर्शाचा. नोटेवरचं चित्र मात्र ती बघत नाही. आपण तरी कुठे बघतो? शंभराच्या नोटेमागे काय आहे, असं मी घरात विचारलं तर तीन जणांनी तीन उत्तरं दिली आणि तिन्ही चुकली.

ती आहे गुजरातमधल्या पाटणची 'रानी की वाव', जमिनीत खोल उतरत जाणारी अकराव्या शतकातली पायऱ्यांची विहीर. २०१६ ते २०१९ या काळात आलेल्या नव्या नोटांपैकी दहावर कोणार्कचं सूर्यमंदिर, विसावर आपली वेरूळची लेणी, पन्नासवर हंपी, दोनशेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेवर लाल किल्ला आहे. ही सहाही स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पन्नासवरचा हंपीचा दगडी रथ तर विठ्ठल मंदिराच्या आवारातला. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने विजयनगरला, म्हणजे याच हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकऱ्यांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ती पन्नासची नोट जरा निरखून बघावी.

एक गोष्ट मात्र मला खटकते. जुन्या काळी दोनच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह होता, पाचवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी, शंभरावर हिराकुड धरण. त्या नोटा पुढे बघत होत्या. नव्या मालिकेत असं एकच चित्र होतं, दोन हजारावरचं मंगळयान. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घ्यायचं जाहीर केलं आणि मालिकेत उरला तो सगळा वारसा.

नोटेतलं विज्ञान मात्र चित्रात नाहीच, ते कागदात आणि शाईत आहे. कागद म्हणायचा, पण तो शंभर टक्के कापसाचा. म्हणून खिशात विसरलेली नोट धुण्यातून निघाली तरी लगदा होत नाही. साध्या कागदात तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं घातलेली असतात, त्यामुळे अतिनील दिव्याखाली तो निळसर उजळतो. नोटेचा कागद तिथे काळवंडलेलाच राहतो, उजळतात ते नंबर आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू. बँकेतल्या कॅशियरच्या टेबलावर तो जांभळा दिवा असतो तो याचसाठी.

आता पाचशेची नोट घ्या आणि उजवीकडे खाली मोठ्या आकड्यातला ₹५०० बघा. सरळ धरली तर हिरवा, तिरकी केली तर निळा. मधली तारही तशीच रंग बदलते. हे दोन रंग एकात एक मिसळलेले नाहीत. शाईत अतिशय पातळ पापुद्रे असतात, आणि पापुद्र्यातल्या थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाची असते. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर रंग दिसतात, त्यातलाच हा प्रकार. काही प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही खालच्या. दोघांच्या वाटेत जो फरक पडतो तो ज्या रंगाच्या लाटांशी जुळतो, तो रंग झळकतो, बाकीचे एकमेकांना मारतात. सरळ बघताना हा फरक हिरव्याशी जुळवून ठेवलेला असतो. नोट कलती केली की फरक कमी होतो, म्हणजे जुळणी आखूड तरंगलांबीकडे सरकते आणि हिरव्याहून आखूड लाटांचा शेजारी निळा. म्हणून हिरव्याचा निळाच होतो, तांबडा कधीच होत नाही. झेरॉक्स मशीन नोटेकडे एकाच कोनातून बघतं, त्यामुळे त्याच्या हाती यातला एकच रंग लागतो.

आणखी एक गंमत डावीकडे लपली आहे. नोट डोळ्यांच्या पातळीवर आडवी आणून साधारण ४५ अंशांत कलती करा, एरवी न दिसणारा ५०० चा आकडा वर येतो. तिथे कुठलीही गुप्त शाई नाही. उंचावलेल्या बारीक रेघा आहेत, आकड्याच्या आत एका दिशेने आणि बाहेर दुसऱ्या दिशेने. नांगरलेल्या शेताकडे बांधावरून बघताना सरी लांबीने पाहिल्या तर मधली माती दिसते, आडव्या पाहिल्या तर उंचवट्यांमागे झाकली जाते. आकडा दिसतो तो याच युक्तीने.

हा उंचवटा येतो कोरीव छपाईतून. धातूच्या पत्र्यात रेघा खोदतात, खाचांत शाई भरतात, वरची पुसून काढतात आणि मग कागद प्रचंड दाबाखाली पत्र्यावर दाबतात. कापसाचा कागद खाचांत शिरतो आणि शाईचा ढीग घेऊनच वर येतो. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. कोऱ्या करकरीत नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून नख फिरवलं तर तो खरखरीतपणा कळतो. भाजीवालीचा अंगठा तोच शोधत असतो.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी कडेला उंच तिरक्या रेघाही आहेत. शंभरावर चार, दोनशेवर चार आणि मध्ये दोन गोल, पाचशेवर पाच. शिवाय शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ. कल्पना चांगली आहे, पण शाईचा ढीग शेवटी झिजतो. महिनाभर घामट खिशांतून फिरलेल्या नोटेवर रेघा चार आहेत की पाच, हे मला डोळे मिटून सांगता आलं नाही. उरते ती लांबी. जुन्या मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर होती आणि पाचशेची १६७, दहाचा फरक. नव्या मालिकेत शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. रुंदी तिघींची ६६. नोटा लहान करण्याला माझी हरकत नाही, पण ही चार मिलिमीटरची काटकसर कोणाच्या बोटांवर तपासून पाहिली, असा प्रश्न पडतो. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था हाच प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने 'मणी' नावाचं अ‍ॅप आणलं, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं.

गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने दांडी धरलेली असताना ते कसं वापरायचं, हा वेगळा भाग. मागे एका अंध फेरीवाल्याकडून मी मोबाइलचं कव्हर घेतलं आणि दोनशेची नोट दिली. त्याने खिशातून पुठ्ठ्याची एक पट्टी काढली, नोट तिच्यावर ताणून बसवली आणि टोक कुठे येतं ते अंगठ्याने चाचपलं. पट्टीवर कात्रीने खाचा मारलेल्या होत्या. पहिल्या खाचेवर त्याचा अंगठा थांबला, मग पुढे सरकला, परत मागे आला. त्या दोन खाचांमध्ये मसुराचा एक दाणा जेमतेम मावला असता.