झाकणावर बसलेले पाच जण

पहिल्या महायुद्धाची कारणं एका व्यंगचित्रात दाखवा म्हटलं की ठरलेली चित्रं कागदावर उतरतात. बारुदाचं पिंप, त्यावर 'बाल्कन' (म्हणजे युरोपचा आग्नेय कोपरा) अशी पाटी आणि सुरसुरणारी वात. नाहीतर उकळता हंडा. नाहीतर एकाने दुसऱ्याची कॉलर धरलेली, दुसऱ्याने तिसऱ्याची. लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद हे 'कारणे द्या'चे चार मुद्दे पाटीसारखे अडकवले की चित्र पुरं. पण यातली बरीच मूळ चित्रं युद्धाची कारणं सांगायला काढलेलीच नव्हती.

हंड्याचंच घ्या. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात २ ऑक्टोबर १९१२ रोजी लिओनार्ड रेव्हन-हिलचं 'द बॉइलिंग पॉइंट' छापून आलं. मोठा हंडा, त्यावर 'बाल्कन ट्रबल्स' असं लिहिलेलं, आणि झाकण उडू नये म्हणून त्यावर घट्ट बसलेले पाच जण: ब्रिटन, फ्रान्स, रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी. सगळ्यांचे चेहरे घाबरलेले. सहाच दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, माँटेनेग्रोने तुर्कांविरुद्ध युद्ध पुकारलं आणि पाठोपाठ सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस उतरले. म्हणजे ही चाहूल बाल्कन युद्धाची होती, महायुद्धाची नव्हे.

आता चित्र पुन्हा पाहा. पाचही जण एकाच बाजूला आहेत, एकाच कामाला लागलेले आहेत. त्या डिसेंबरात बाकी चौघांचे आणि इटलीचे राजदूत खरोखरच लंडनला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रेसोबत बसले, अल्बेनियाचा प्रश्न बोलणीतून हाताळला आणि आपसातली लढाई टाळली. तेव्हा 'महासत्तांची स्पर्धा' म्हणून दाखवलं जाणारं हे चित्र खरं तर त्यांच्या एकीचं आहे. १९१२ मध्ये युरोप का पेटला नाही, हे त्यात दिसतं. दोनच वर्षांत हेच पाच जण झाकणावरून उठून एकमेकांवर का धावले, ते त्यात कुठेच नाही.

मला खटकते ती आणखी एक गोष्ट. हंड्याखाली जळण कोणी सारलं? ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बोस्निया गिळला, बाल्कन देशांची मोट बांधायला रशियाने हातभार लावला. झाकणावर बसलेल्यांतल्या दोघांच्या हातांना काजळी लागलेली हवी होती. लंडनहून पाहणाऱ्याला मात्र बाल्कनमधली माणसं दिसतच नाहीत, दिसते ती वाफ.

'पंच'ची काम करण्याची रीतही समजून घ्यायला हवी. दर बुधवारी संपादक मंडळी जेवायला एकत्र बसत आणि पुढच्या अंकाचं मोठं चित्र तिथेच वादावादी करून ठरे. रेव्हन-हिलच्या आधीचा चित्रकार जॉन टेनियल याच्या काळात विषय ठरला की तो एक-दोन दिवसांत लाकडी ठोकळ्यावर चित्र काढून देई, आणि कोरण्याचं काम जोसेफ स्वेनच्या कारखान्यात होई. अंक वाचकाच्या हाती पुढच्या आठवड्यात. इतक्या दिवसांत बातमी शिळी होणार, म्हणून चित्र टिकाऊ खुणांवर उभं करावं लागे: सिंह, अस्वल, जहाज, हंडा. त्यामुळेच ती चित्रं शंभर वर्षांनीही पाठ्यपुस्तकात चालतात, आणि त्यामुळेच ती कोणत्या आठवड्यातली हे आपण विसरतो.

टेनियलचं 'ड्रॉपिंग द पायलट' हे २९ मार्च १८९० चं. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क नावाड्याच्या वेषात जहाजाच्या शिडीवरून उतरतोय आणि वर कठड्याला रेलून तरुण कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसरा विल्हेल्म, डोक्यावर मुकुट, शांतपणे पाहतोय. बिस्मार्कने राजीनामा दिला त्याला जेमतेम अकरा दिवस झाले होते. त्याच वर्षी जर्मनीने रशियाशी असलेला १८८७ चा गुप्त करार पुढे चालवला नाही, आणि १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सच्या गोटात गेला. १९१४ नंतर वाचणाऱ्यांना या शिडीत भविष्यवाणी दिसू लागली: जाणता नावाडी उतरवला आणि गलबत बुडालं. इतकी सोपी गोष्ट कोणाला आवडणार नाही? पण १८७१ मध्ये फ्रान्सकडून अल्सास-लोरेन हा सीमेवरचा प्रदेश घेतला गेला तो याच नावाड्याच्या राजवटीत, आणि फ्रान्सचं ते दुखणं पुढे कधी थांबलं नाही. चित्रातल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर ते ओझं कुठे दिसत नाही.

जर्मनीत स्वतःच्या राजाची टिंगल करणारे नव्हते असं नाही. म्युनिकच्या 'सिंप्लिसिसिमुस' या व्यंग-साप्ताहिकाने १८९८ मध्ये कैसरच्या पॅलेस्टाइन यात्रेची थट्टा केली तेव्हा अंक जप्त झाला, चित्रकार थॉमस थिओडोर हाइनेला सहा महिने किल्ल्यात काढावे लागले आणि प्रकाशक आल्बर्ट लांगेन देश सोडून गेला. सरदार, पाद्री, मिशीवाले लष्करी अधिकारी यांना हे साप्ताहिक वर्षानुवर्षं सोलत होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये तेच सरकारच्या बाजूने उभं राहिलं आणि इंग्रजांना सोलू लागलं.

त्या उन्हाळ्यात चित्रांचा सूर सगळीकडेच बदलला. जुलैत, अजून युद्धात नसलेल्या अमेरिकेतून, 'ब्रुकलिन ईगल'ने 'द चेन ऑफ फ्रेंडशिप' छापलं: ऑस्ट्रियाने सर्बियावर हल्ला केला तर रशिया ऑस्ट्रियावर तुटून पडेल, जर्मनी रशियावर, फ्रान्स आणि इंग्लंड जर्मनीवर. एकमेकांच्या मागे लागलेली ही रांग आजही सगळ्यांत जास्त गिरवली जाते, आणि तीच सर्वाधिक फसवी आहे. करार झाला की माणूस यंत्रासारखा ओढला जातो, असा भास ती निर्माण करते. इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात होता, तरी १९१४ मध्ये बाजूला बसून राहिला आणि १९१५ मध्ये समोरच्या बाजूने लढला. ब्रिटनवर तर फ्रान्ससाठी लढण्याचा लेखी करारच नव्हता. प्रत्येक कडीजवळ कोणीतरी निर्णय घेतला होता.

युद्ध सुरू झाल्यावर कारण एका ओळीत मावू लागलं. १२ ऑगस्टच्या 'पंच'मध्ये एफ. एच. टाउन्सेंडने 'ब्राव्हो, बेल्जियम!' काढलं: हातात काठी, खिशातून सॉसेजची माळ लोंबणारा जाडा जर्मन म्हातारा आणि फाटकाशी वाट अडवून उभा असलेला पोरगा. फाटकावर पाटी, इथून रस्ता नाही. आधीची सगळी वर्षं पुसली गेली. उरला एक गुंड आणि एक शूर पोर. बेल्जियमवरचा हल्ला खराच होता, म्हणून चित्र खोटं म्हणता येत नाही. प्रचाराला असंच चित्र लागतं.

दोन्हीकडे नकाशेही विकले गेले. लंडनच्या एका नकाशात देश म्हणजे कुत्री, जर्मनी डाक्सहुंड, ब्रिटन बुलडॉग. बर्लिनला वाल्टर ट्रीरच्या नकाशात रशिया म्हणजे आ वासलेला राक्षसी चेहरा. दोन्ही नकाशे युरोपच्या कडेला संपतात. म्हणून साम्राज्यवाद हे कारण पुस्तकात येतं, नकाशात येत नाही, आणि मराठा पलटणी बगदादच्या वाटेवर काय करत होत्या हेही कळत नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी बगदादच्या वाटेवरचं कुट-अल-अमारा तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा शरण गेलेल्या सुमारे १३ हजारांत बहुसंख्य हिंदी सैनिक होते, आणि त्यांत मराठ्यांच्या पलटणीही होत्या.

कारणाला चेहरा देणं व्यंगचित्राला भागच असतं. करार, शस्त्रस्पर्धा, बाजारपेठा यांना नाक-डोळे नसतात. विल डायसनला मात्र ते एकदा साधलं. हा ऑस्ट्रेलियन, आघाडीवर चित्रकार म्हणून गेला होता, तिथे जखमीही झाला होता. युद्ध संपून जर्मनीपुढे व्हर्सायच्या तहाचा मसुदा ठेवल्यावर आठवड्याच्या आत, १३ मे १९१९ ला, लंडनच्या 'डेली हेरल्ड'मध्ये त्याचं चित्र आलं. अमेरिकेचा विल्सन, ब्रिटनचा लॉइड जॉर्ज, इटलीचा ऑर्लँडो आणि फ्रान्सचा 'वाघ' क्लेमान्सो व्हर्सायहून बाहेर पडताहेत. खांबाआड एक उघडं मूल रडतंय, त्याच्या डोक्यावर लिहिलंय: १९४० ची तुकडी. म्हणजे १९४० साली सैन्यभरतीच्या वयात येणारी पोरं. क्लेमान्सो म्हणतो, कमाल आहे, मूल रडल्याचा आवाज येतोय!

तहामुळेच दुसरं युद्ध झालं असं म्हणणंही सरळसोटच, १९२९ ची मंदी आणि नंतरचे निर्णय त्यात मोजलेले नाहीत. पण डायसनने वाफ काढली नाही. चार ओळखीची माणसं काढली, नुकताच लिहिलेला कागद धरला आणि तारीख घातली. तो जानेवारी १९३८ मध्ये वारला. जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या १४ जून १९४० रोजी.