आगीत लोखंड का वाकतं आणि त्याच्यावर लेप कुठून आला

काळा घोड्याला गेलात तर एस्प्लनेड मॅन्शन थांबून बघा, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. १८६७ ते १८६९ या काळात बांधलेलं, सगळा सांगाडा लोखंडाचा, इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने मुंबईला आणलेला आणि इथे जोडलेला. दर्शनी बाजूचे खांब तर उघडेच दिसतात. त्या काळी लोखंडी बांधकाम म्हणजे आगीची काळजी मिटली अशी पक्की समजूत होती, आणि १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टचा मोठा भाग आगीत गेलेला ज्या शहराने बघितला त्याला लाकडापेक्षा लोखंड बरं वाटलं तर नवल नाही.

पण वॉटसनच्या आधीच लंडनमध्ये एक माणूस उलटं सांगत होता. जेम्स ब्रेडवूड, तिथल्या अग्निशमन दलाचा प्रमुख. १८४९ मध्ये त्याने इंजिनिअर लोकांसमोर निबंध वाचला की ज्याला तुम्ही फायरप्रूफ म्हणताय त्या गोदामातला बीडाचा खांब तापला आणि त्याच्यावर बंबाचं गार पाणी पडलं की तो तडकू शकतो, आणि वरचे मजले खाली येतात, अशा इमारतीत माणसं पाठवायची कशी. १८६१ च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली, ताग, कापूस, चरबी, साखर असा माल होता, त्या आगीत भिंत अंगावर कोसळून ब्रेडवूड स्वतः गेला. आग पुढे दोन आठवडे धुमसत होती.

आता लोखंडाचं नेमकं होतं काय ते सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्यावरच उभा आहे. स्टील वितळतं साधारण १५०० अंशाला, आणि लोक तोच आकडा डोक्यात ठेवतात, म्हणतात घरच्या आगीत एवढं तापमान होतंय कुठे. पण ५५० अंशाच्या आसपासच त्याची ताकद निम्म्यावर येते, वितळायची गरजच नाही. शिवाय ते लांब होतं, १० मीटरचा बीम ५०० अंशाने तापला तर ६ सेंटीमीटर तरी वाढतो, टोकाला जागा नसेल तर भिंत ढकलतो नाहीतर स्वतः वाकतो. याउलट जुन्या वाड्यातली जाड सागवानी तुळई पेट घेते, पण तिच्यावर कोळशाचा थर बसतो आणि तोच थर आतलं लाकूड सांभाळतो, जळत जाण्याचा वेग मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर एवढाच. म्हणजे लाकडाकडे स्वतःचं पांघरूण आहे, स्टीलकडे नाही. हे पांघरूण स्टीलला बाहेरून द्यायचं, एवढाच या सगळ्या लेपांचा उद्योग आहे असं मला इतक्या वर्षांच्या कामातून वाटतं.

लेपाची कल्पना मात्र लोखंडाच्या कितीतरी आधीची. इसवी सनापूर्वी ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सला वेढा घातला होता, तेव्हा पायरीअस बंदराच्या बाजूला समोरच्या अर्केलाउसने एक लाकडी बुरूज उभा केलेला, सुल्लाच्या माणसांनी तो पेटवायचा खूप प्रयत्न केला पण पेटेना, कारण लाकडाला तुरटी फासलेली होती. आपण दाढी झाल्यावर गालाला लावतो तीच तुरटी. पुढे १७३५ ला इंग्लंडमध्ये ओबाडाया वाइल्डने कापड आणि कागद पेटू नये म्हणून पेटंट घेतलं त्यात तुरटी, टाकणखार आणि हिराकस होतं. मग फ्रान्सच्या राजाने थिएटरातल्या आगींमुळे गे-लुसाकला कामाला लावलं, पडदे आणि मेणबत्त्या एकाच छपराखाली म्हटल्यावर दुसरं काय होणार, तर त्याने १८२१ मध्ये दाखवलं की अमोनियमचे क्षार, खास करून फॉस्फेट, आणि टाकणखार यांनी कापड चांगलं वाचतं. हे फॉस्फेट लक्षात ठेवा, परत येणार आहे.

इमारतींकडे येऊ. १८७१ ला शिकागो जळालं आणि उघडं लोखंड किती दगा देतं ते अख्ख्या शहराने बघितलं, तिथून पुढे खांबाभोवती भाजलेल्या मातीच्या पोकळ विटा बसवायची पद्धत आली, मग काँक्रीटमध्ये गाडून टाकायची. दोन्ही उपाय चांगले, फक्त वजन फार आणि वेळ फार. १९१८ च्या सुमाराला अमेरिकेत भट्टीतली ठरलेली टेस्ट आली, खांब भट्टीत घालायचा आणि ठरलेल्या रेषेने तापमान चढवायचं, ५ मिनिटाला साधारण ५४०, तासाला ९२७ अंश, आणि किती वेळ टिकला ते लिहायचं. एक तास, दोन तास हे रेटिंग तिथून आलं. आपल्याकडे १९७० च्या नॅशनल बिल्डिंग कोडपासून हीच तासांची भाषा आहे, आणि रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेत अशा भट्ट्या आहेत.

उंच इमारती वाढल्या तसं हलकं काहीतरी हवं होतं, आणि मिळाला अस्बेस्टॉस. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये तो पाण्यासोबत फवाऱ्याने मारायला लागले, काम झटपट, वजन कमी, आगीत खरंच टिकायचा. पण मारणाऱ्यांच्या फुफ्फुसात काय जात होतं ते कळायला फार वेळ लागला, न्यूयॉर्कच्या डॉक्टर सेलिकॉफने १९६४ मध्ये इन्सुलेशन कामगारांवरचा अभ्यास छापला तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. या कामगारांबद्दल लिहिताना मला नेहमी जड होतं, इमारत वाचवायचा माल होता आणि माणसं गेली.

वर्ल्ड ट्रेड सेंटर नेमकं याच काळात बांधलं जात होतं. उत्तर टॉवर चाळिसाव्या मजल्याच्या आसपास पोचेपर्यंत अस्बेस्टॉसचा स्प्रे होता, मग बदलून बिनअस्बेस्टॉसचा खनिज धाग्यांचा माल आला. २००१ नंतर एनआयएसटी या अमेरिकन सरकारी संस्थेने जी चौकशी केली ती आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. मजल्याखालच्या ट्रसवर, म्हणजे जाळीदार बीमवर, मूळची सांगितलेली जाडी अर्धा इंच, पुढे ती दीड इंचावर नेण्याचं काम काही मजल्यांवर झालेलं. आणि निष्कर्ष असा की विमानांच्या धडकेने हा लेप मोठ्या प्रमाणावर झडला नसता तर टॉवर बहुधा उभे राहिले असते. म्हणजे लेप आगीत टिकतो का एवढंच बघून भागत नाही, तो आधी चिकटून राहिला पाहिजे. आता आपल्याकडे व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिजाचा स्प्रे मारतात तोही याच घरातला, भुरभुरीत दिसतो, बेसमेंटमध्ये आणि फॉल्स सीलिंगच्या वर चालतो, हात लागेल तिथे नको.

हात लागेल तिथे येतो फुगणारा पेंट, इन्ट्युमेसंट. दिवाळीत नागगोळी पेटवलीये ना, एवढीशी काळी गोळी आणि त्यातून लांबच लांब राखेचा साप निघतो, हे समजायला त्याच्यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही (रसायनं वेगळी आहेत, फुगणं सारखं). १९३८ मध्ये ट्रॅम आणि त्याच्या साथीदारांचं लाकडासाठीचं अमेरिकन पेटंट हा त्याचा पहिला ठोस पुरावा मानतात, इन्ट्युमेसंट हा शब्द १९४८ च्या पेटंटमध्ये आला. आत तीन जण काम करतात. तापल्यावर अमोनियम पॉलिफॉस्फेट आम्ल सोडतं, हे गे-लुसाकच्या फॉस्फेटचंच नातवंड, ते आम्ल पेंटाएरिथ्रिटॉलमधलं पाणी काढून त्याचा कोळसा करतं, आणि मेलामाइनमधून वायू सुटतो तो त्या चिकट कोळशाला फुगवतो. एक मिलिमीटरचा पेंट २०-३० पट, कधी जास्त फुगतो, काळा फेस, पण त्याच्या मागे स्टील बराच वेळ ५५० च्या खाली राहतं. सागवानी तुळईवरचा कोळशाचा थर आठवा, तोच इथे डब्यातून आणलाय.

तेलाच्या आगीला मात्र हा साधा पेंट पुरत नाही, तिथे ५ मिनिटात ११०० अंशाच्या जवळ जातं. त्याचं उत्तर अंतराळातून आलं, अपोलो यानाच्या उष्णताकवचावर अॅव्हको कंपनीने जे काम केलं होतं त्यातूनच १९७० च्या दशकात चारटेक हा जाड इपॉक्सी लेप निघाला. आणि ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्म पेटला, १६७ माणसं गेली, त्यानंतर समुद्रातल्या स्टीलवर असे लेप किती आणि कुठे हवेत याच्याकडे सगळे फार गंभीरपणे बघायला लागले.

आता जमिनीवरचं, रोजचं. इन्ट्युमेसंटची जाडी स्टीलच्या जाडीवर ठरते, पातळ सेक्शन लवकर तापतो म्हणून त्याला जाड कोट, भारी खांबाला पातळ कोट चालतो, आणि हेच साइटवर उलटं होतं कारण पातळ दिसणाऱ्या ब्रेसिंगला, म्हणजे तिरप्या आधारपट्ट्यांना, कोणी दोन जास्तीचे हात मारत नाही. मागे चाकणजवळच्या एका शेडमध्ये मी लेपाची जाडी मोजायचा गेज घेऊन चढलो होतो, कागदावर १२०० मायक्रॉन, म्हणजे १.२ मिलिमीटर, खांबाच्या मधल्या पट्टीवर १२५०, छान, तसाच गेज सरकवत फ्लँजच्या, म्हणजे खांबाच्या बाजूच्या रुंद पट्टीच्या, कडेला आणला तर ६४०. कडेवरून ओला पेंट ओघळून जातो, तिथे ब्रशने वेगळा हात द्यावा लागतो, तो दिलेला नव्हता. आणि वरच्या बीमवर वायरिंगवाल्यांनी कोट झाल्यावर क्लॅम्प वेल्ड केलेले, आजूबाजूचा सगळा लेप जळून उडालेला, आणि त्याच्यावर कोणीतरी साधा पांढरा ऑइल पेंट फासलेला, रंग अगदी सारखा, खालून बघितलं तर काही कळणार नाही. नखाने टोकरला तर खाली सरळ स्टील. असे ११ पॅच निघाले, प्रत्येकाभोवती खडूने गोल केला, स्टीलपर्यंत घासून प्राइमरपासून परत सुरुवात केली, थर सुकायची वाट बघत दुसरा थर, मधे पाऊस, आठवडा गेला.