हृदयविकार ‘पुरुषांचा’ कसा ठरला?

जुलै १९९१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात अमेरिकेतले दोन अभ्यास आले. हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रियांची अँजिओग्राफी आणि बायपास पुरुषांपेक्षा कमी होतात, असं पहिल्यात दिसलं. दुसरा जास्त अस्वस्थ करणारा आहे. हार्ट अटॅक येण्याआधी छातीत दुखत होतं ते दोघांच्याही, आणि त्यामुळे कामं अडत होती ती स्त्रियांचीच जास्त. तरी कॅथेटरची (हृदयापर्यंत बारीक नळी घालून करायची) तपासणी २७.३ टक्के पुरुषांची झाली होती, स्त्रियांपैकी फक्त १५.४ टक्के जणींची.

त्याच अंकात हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी याला ‘येंटल सिंड्रोम’ म्हटलं. आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथेतली येंटल शिकता यावं म्हणून पुरुषाचा वेश घेते. स्त्रीचा आजार पुरुषासारखा दिसला, तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात, असं हीलींचं म्हणणं होतं.

हृदयविकार पुरुषांचाच, हा समज जुना होता. १९४८मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात सुरू झालेल्या हृदयविकाराच्या दीर्घ अभ्यासात ५,२०९ जण होते, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया. म्हणजे स्त्रियांची पाहणी झालीच नाही असं नाही. पण सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचं, पर्यवसान क्वचितच हार्ट अटॅकमध्ये होताना दिसलं आणि तो निरुपद्रवी मानला गेला. स्त्रियांना हा आजार साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो, हे त्या घाईत निसटलं. १९६४मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने पोर्टलंडला खास स्त्रियांसाठी परिषद भरवली, ती नवऱ्याचं हृदय कसं जपावं यावर!

औषधांच्या चाचण्याही तशाच. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक हृदयाचं रक्षण करतं का, हे ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ने पुरुषांना इस्ट्रोजेन देऊन तपासलं. अ‍ॅस्पिरिनची मोठी चाचणी २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झाली. त्यात १९७७च्या सरकारी मार्गदर्शक सूचनेने मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या प्राथमिक टप्प्यांतून वगळलं. गर्भाची काळजी हे कारण खरंच होतं, पण किंमत स्त्रियांनी मोजली.

सरकारी पैशावरच्या चाचण्यांत स्त्रिया हव्यातच, असा कायदा १९९३मध्ये झाला. ३९,८७६ स्त्रियांवरच्या अ‍ॅस्पिरिन चाचणीचे निष्कर्ष २००५मध्ये आले. पुरुष डॉक्टरांमध्ये अ‍ॅस्पिरिनने पहिला हार्ट अटॅक टळण्याचं प्रमाण मोठं होतं. या स्त्रियांमध्ये मात्र एकूण गटात तो धोका लक्षणीय घटला नाही. घटला तो पक्षाघाताचा.