भिंतीवरचे सर्टिफिकेट आणि रजिस्टरमधले नाव : फार्मासिस्टवरील शिस्तभंग कारवाईची पार्श्वभूमी

कोणत्याही मेडिकलमध्ये दर्शनी भिंतीवर दोन कागद लावलेले असतात. एक दुकानाचा परवाना, नमुना २० आणि २१ मधला. तो अन्न व औषध प्रशासन देते. दुसरे फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र. ते राज्य फार्मसी कौन्सिल देते. पहिला कागद दुकानाचा, दुसरा माणसाचा. दोन्हींचे कायदे वेगळे आणि काढून घेण्याची रीतही वेगळी. दुकानाला गंभीर दोषासाठी परवाना गमवावा लागला, तरी ज्याचे सर्टिफिकेट तिथे टांगलेले होते त्याचे नाव कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये जसेच्या तसे राहू शकते आणि तो तेच सर्टिफिकेट दुसऱ्या गल्लीतल्या दुकानाला लावू शकतो. स्वतः दुकानात न बसता सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा धंदा याच फटीत फोफावला. ही फट कशी पडली हे कळायला जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२०च्या दशकात भारतात औषध विकायला कसलेही शिक्षण लागत नव्हते. दवाखान्यात कंपाउंडर मिश्रणे बनवत आणि बाजारात कोणीही बाटल्या विकत असे. निकृष्ट क्विनाइन हा तेव्हाचा मोठा बोभाटा होता. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालात समितीने दोन गोष्टी मागितल्या : औषधांच्या दर्जावर नियंत्रण, आणि औषध देणाऱ्यांचे शिक्षण व नोंदणी. सरकारने त्या एकत्र केल्या नाहीत. औषधांचा कायदा १९४० साली आला, त्याचे नियम १९४५ साली झाले. औषध देणाऱ्याचा कायदा, म्हणजे फार्मसी अधिनियम, मार्च १९४८ मध्ये लागू झाला. दोन कागदांचे दोन मालक इथूनच झाले.

पहिले रजिस्टर तयार करताना पदवी-पदविकेवाले पुरेसे नव्हतेच. म्हणून कलम ३१ने कंपाउंडरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आणि पाच वर्षे औषधे तयार करण्याचा अनुभव असलेल्यांनाही आत घेतले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करायला हवे. पण अनुभवाच्या दाखल्यावर नोंदणी म्हटली की खोट्या दाखल्याची वाटही उघडते. कायदा करणाऱ्यांना ते दिसत होते. नाव काढून टाकण्याच्या कलम ३६मध्ये पहिलेच कारण ते आहे : नोंद चुकीने झाली असेल, किंवा खोटी माहिती देऊन वा महत्त्वाची गोष्ट दडवून झाली असेल.

दुसरे कारण म्हणजे एखाद्या गुन्ह्यात शिक्षा, किंवा व्यवसायात केलेले लाजिरवाणे वर्तन. कायद्यातला हा मूळ शब्दप्रयोग ब्रिटनच्या १८५८च्या वैद्यकीय कायद्यातून आला. त्याचा अर्थ १८९४ साली तिथल्या अपील न्यायालयाने डॉ. ॲलिन्सन यांच्या खटल्यात लावला : त्याच व्यवसायातल्या चांगल्या नावाच्या, जाणत्या लोकांना जे वर्तन लांच्छनास्पद वाटेल, ते. गैरवर्तनाची यादी १९४८च्या कायद्यात नाही ती त्यामुळेच. ठरवायचे समव्यावसायिकांनी.

तिसरे कारण मालक फार्मासिस्टला जास्त बोचते. हाताखालच्या नोकराने गुन्हा केला तरी फार्मासिस्टचे नाव जाऊ शकते. मात्र त्यासाठी काहीतरी जादा सिद्ध व्हावे लागते : त्याची फूस किंवा संमती होती, मागच्या बारा महिन्यांत त्याने स्वतः तसेच काही केले होते, गैरप्रकार दीर्घकाळ चालू होता आणि तो त्याला कळायलाच हवा होता, किंवा औषध कायद्याचे पालन करवून घेण्यात त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही. बाहेरगावी राहून सर्टिफिकेट लावणाऱ्याचा 'मला काही माहीत नव्हते' हा बचाव या शेवटच्या अटीपाशी कोसळतो. रोज हजर राहायचे ज्याचे काम, त्याला माहीत नसणे हाच दोष.

कारवाईची पायरी चुकली की सगळे प्रकरण ढासळते. आदेश काढायचा तो कौन्सिलच्या कार्यकारी समितीने, आणि तोही संबंधिताला बाजू मांडायची संधी देऊन. रजिस्ट्रारच्या सहीचे पत्र म्हणजे आदेश नव्हे. मग राज्य कौन्सिलची मंजुरी लागते. मंजुरीनंतरही तीन महिने उलटेपर्यंत आदेश अमलात येत नाही. मंजूर आदेश कळल्यापासून तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते आणि तिथला निर्णय अंतिम असतो. नंतर नाव राजपत्रात छापायचे आणि प्रमाणपत्र ताबडतोब परत घ्यायचे. नाव कायमचे काढायचे की ठरावीक वर्षांसाठी, हे आदेशातच लिहिता येते. कलम ३७खाली ते पुन्हा घालताही येते, पण अपील फेटाळले गेले असेल तर सरकारच्या मंजुरीशिवाय नाही. आणि नाव गेल्यावरही प्रमाणपत्र परत न करणाऱ्याला १९४८च्या मूळ कायद्यात दंड किती? जास्तीत जास्त ५० रुपये.

कायदा झाला तरी त्याचा कणा बरीच वर्षे उभा राहिला नव्हता. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच तयार करावे आणि द्यावे, असे सांगणारे कलम ४२ देशभर लागू झाले ते १ सप्टेंबर १९८४ पासून. मधल्या छत्तीस वर्षांत दुकानदारांच्या अंगवळणी पडले ते वेगळेच : कायद्याला कागद लागतो, माणूस लागतोच असे नाही. १९७६च्या दुरुस्तीने राज्य कौन्सिलला सरकारच्या परवानगीने स्वतःचे निरीक्षक नेमण्याचा अधिकार दिला होता. पण दुकानांची नियमित तपासणी औषध निरीक्षकच करत आले. औषध नियमांतल्या नियम ६६खाली 'कारणे दाखवा' नोटीस निघते आणि परवाना निलंबित किंवा रद्द होतो. त्याविरुद्ध सरकारकडे अपिलाला तीन महिने मिळतात. ही सगळी कारवाई दुकानावर. रजिस्टरला हात लावायचा तर तीच कागदपत्रे कौन्सिलकडे जायला हवीत.

तपासणीत भाड्याचे सर्टिफिकेट पकडले कसे जाते? चिठ्ठीवरच्या औषधाच्या बिलावर अनुक्रमांक, तारीख, डॉक्टर व रुग्णाचे नाव, औषध, नग, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत आणि फार्मासिस्टची सही लागते. भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणाऱ्या दुकानात एक तर कोरे बिलबुक आधीच सह्या करून ठेवलेले असते, नाहीतर महिन्याच्या सगळ्या सह्या एका बैठकीत, एकाच शाईने, एकाच तिरक्या वळणाने उतरलेल्या असतात. १ मार्च २०१४ पासून औषध नियमांत परिशिष्ट एच-१, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची यादी, आले. त्यात सुरुवातीला ४६ औषधे होती, त्यातली बरीच प्रतिजैविके आणि क्षयाची. त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. स्टॉकमधून गेलेल्या पट्ट्या आणि या वहीतल्या ओळी जुळल्या नाहीत की प्रश्न कागदाचा राहत नाही. कोणाला तरी चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी किंवा अर्धवट प्रतिजैविक मिळालेले असते.

'लाजिरवाणे वर्तन' म्हणजे काय, याची यादी देशपातळीवर नियमांत आली ती २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी. रुग्णाच्या नोंदी पाच वर्षे न ठेवणे आणि मागितल्यावर ७२ तासांत न देणे हे त्यात गैरवर्तन ठरले. काम करण्याचा इरादा नसताना दुकानाला सर्टिफिकेट देणेही त्यात स्पष्ट शब्दांत आले. यादी संपूर्ण नाही हेही तिथेच नमूद आहे, म्हणजे १८९४ची कसोटी टिकून आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारमधल्या बनावट फार्मासिस्टांच्या प्रकरणात, मुकेश कुमार विरुद्ध बिहार राज्य, सर्वोच्च न्यायालयाने बजावले की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय रुग्णालये आणि औषध दुकाने चालणार नाहीत, हे पाहणे राज्य सरकारचे आणि फार्मसी कौन्सिलचे कर्तव्य आहे. २०२३च्या जनविश्वास कायद्याने कलम ४२च्या भंगासाठीचा १,००० रुपयांचा दंड दोन लाखांपर्यंत नेला आणि कैदेची मर्यादा सहा महिन्यांवरून तीनवर आणली.

तरीही नाव काढण्याची पायवाट १९४८चीच आहे. औषध निरीक्षकाने नमुना ३५च्या तपासणी वहीत फार्मासिस्ट गैरहजर असल्याचा शेरा मारला, बिलांच्या प्रती घेतल्या, परवाना निलंबित झाला. हा शेरा, बिलांच्या प्रती, हजेरीपट, नेमणूकपत्र आणि नोंदणी क्रमांक एका पाकिटात घालून कौन्सिलकडे पाठवले, तर कार्यकारी समितीपुढे प्रकरण उभे राहते. ते पाकीट गेले नाही, तर निलंबनाचे दिवस संपताच सर्टिफिकेट पुन्हा त्याच खिळ्यावर लागते.