चीजकेकमधल्या कॅलरी कुठे कापाव्यात आणि कुठे नाही

न्यूयॉर्क पद्धतीच्या चीजकेकची नेहमीची कृती घेऊ. २३ सेंटिमीटरच्या टीनसाठी ९०० ग्रॅम क्रीम चीज, २५० ग्रॅम साखर, ४ अंडी, २०० ग्रॅम सावर क्रीम (आंबवलेली साय), आणि तळाच्या थरासाठी १५० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा व ७५ ग्रॅम बटर. बेरीज ६,००० कॅलरींच्या आसपास जाते. त्यातल्या ३,१०० एकट्या क्रीम चीजच्या आणि १,००० साखरेच्या. तळाचा पातळ थर मात्र सव्वाबाराशेच्या पुढे जातो, म्हणजे साखरेपेक्षाही जास्त. याचे १२ तुकडे केले तर एकेक ५०० कॅलरींचा पडतो.

कॅलरी कमी करायच्या म्हटलं की बहुतेकांचा हात आधी साखरेवर पडतो. पण वरच्या कृतीतली साखर निम्मी केली तरी तुकड्यामागे जेमतेम ४० कॅलरी वाचतात, आणि पोत बिघडतो तो वेगळाच. आधी बिस्किटांचा थर, मग चीज, मग तुकड्याचा आकार आणि सगळ्यात शेवटी साखर, हाच क्रम शहाणपणाचा.

बिस्किटांचा थर टीनच्या कडांवर चढवू नका, फक्त तळाला दाबा. आपली हलकी कृती १८ सेंटिमीटरच्या टीनची आहे, त्याला ८० ग्रॅम चुरा पुरतो. बटरचं काम चुरा बांधून ठेवायचं. ते २० ग्रॅम बटर आणि मोठा चमचाभर अंड्याचा पांढरा बलक मिळून करतात, कारण भाजताना बलकातली प्रथिनं घट्ट होऊन कण एकमेकांना धरतात. चुरा मात्र रव्याइतका बारीक हवा. जाडसर राहिला तर इतक्या कमी बटरमध्ये तो सुटा होतो आणि कापताना भुगा पडतो. थर १७० अंश सेल्सिअसवर ८ ते १० मिनिटं भाजून गार करा, मगच त्यावर मिश्रण ओता.

आता मुख्य खर्च, चीजचा. अमेरिकेतल्या नियमानुसार क्रीम चीजमध्ये दुधाचं स्निग्ध किमान ३३ टक्के असावं लागतं आणि पाणी जास्तीत जास्त ५५ टक्के चालतं. स्निग्धाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, प्रथिनं किंवा साखरेच्या ग्रॅममध्ये ४. म्हणून १०० ग्रॅम क्रीम चीजच्या ३४० कॅलरी होतात. त्याची जागा बऱ्याच अंशी घेऊ शकेल असा पदार्थ मराठी स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे: श्रीखंडाचा चक्का. टोन्ड दुधाच्या दह्याच्या चक्क्यात १०० ग्रॅमला साधारण ११० कॅलरी असतात, म्हणजे क्रीम चीजच्या एक तृतीयांश.

सव्वा लिटर दुधाच्या दह्यातून ५०० ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो. दही ताजं, आंबट न झालेलं घ्या आणि फ्रीजमध्येच १० ते १२ तास टांगा. बाहेर टांगलं तर जिवाणू काम करत राहतात, आंबटपणा वाढतो आणि तो झाकायला साखर लागते. चक्का पुरेसा कोरडा झाला का ते असं पाहा: चमचाभर चक्का टिश्यू कागदावर ५ मिनिटं ठेवायचा. भोवती ओला डाग पसरत गेला, तर अजून दोन तास टांगा. ही पायरी घाईत उरकली की पुढे केकला पाणी सुटतं आणि मग काही उपाय राहत नाही. नंतर चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. बारीक कण जिभेला जाणवत नाहीत, मोठ्या गुठळ्या मात्र लगेच रवाळ लागतात, आणि कमी स्निग्धाच्या केकमध्ये त्या लपवायला लोण्यासारखा मऊपणा नसतो.

तरीही क्रीम चीज पूर्ण वगळू नये असं आमचं ठाम मत आहे. दुधाळ, लोण्यासारखा वास देणारे बरेचसे घटक स्निग्धात विरघळलेले असतात. निव्वळ चक्क्याचा केक चांगला लागतो, पण तो भाजलेल्या श्रीखंडासारखा लागतो. ५०० ग्रॅम चक्क्याला १०० ग्रॅम क्रीम चीज जोडलं की चव ओळखीची होते आणि वाढतात फक्त ३४० कॅलरी. याखेरीज २ अंडी (थरासाठी घेतलेला बलक यातलाच), ८० ग्रॅम साखर, १२ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ, चमचाभर व्हॅनिला आणि एका लिंबाच्या सालीचा कीस.

क्रीम चीज फ्रीजबाहेर तासभर ठेवून मऊ होऊ द्या, साखरेबरोबर गुळगुळीत फेटा, मग चक्का, मग कॉर्नफ्लोअर. अंडी शेवटी, एकेक करून, हळू ढवळत. जोरात फेटलं की मिश्रणात हवा भरते, ओव्हनमध्ये केक फुगतो आणि बाहेर काढल्यावर बसतो. तडे जाण्याचं हे एक कारण.

दुसरं आणि मोठं कारण म्हणजे जास्त भाजणं. चीजकेक म्हणजे खरं तर अंड्याचं कस्टर्ड. अंड्यातली प्रथिनं ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान एकमेकांत गुंतून जाळं करतात आणि त्यात पाणी अडकतं. उष्णता आणखी वाढली की जाळं आवळतं, पाणी बाहेर ढकलतं आणि पृष्ठभाग फाटतो. साखर हे घट्ट होणं लांबवते. त्यामुळे साखर कमी केलेला केक नेहमीच्या वेळेआधीच तयार होतो, आणि जुन्या कृतीतली वेळ पाळणाऱ्यांचा केक कोरडा पडतो. कॉर्नफ्लोअर इथे दोन कामं करतं: प्रथिनांना फार आवळू देत नाही आणि मोकळं पाणी धरून ठेवतं.

म्हणून १५० अंशांवर, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टीन ठेवून ४५ ते ५५ मिनिटं भाजा. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कडा जळत नाहीत. तळ सुटा असलेल्या टीनला बाहेरून फॉइलचे दोन थर लावा, नाहीतर पाणी आत शिरून बिस्किटांचा लगदा होतो. कडा घट्ट आणि मधला पाच-सहा सेंटिमीटरचा भाग टीन हलवल्यावर जेलीसारखा थरथरत असेल, तेव्हाच ओव्हन बंद करा. दार किंचित उघडं ठेवून तासभर आतच राहू द्या. मग कडेने पातळ सुरी फिरवा, कारण थंड होताना केक आकसतो आणि कडेला चिकटलेला असेल तर मधोमध फाटतो. फ्रीजमध्ये किमान ६ तास.

ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी काढून, तळाशी दोन वाट्या पाणी घालून, टीनवर फॉइल घट्ट बांधून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं वाफवा. झाकणाचे थेंब केकवर पडू नयेत एवढंच सांभाळायचं.

अंडी न खाणाऱ्यांसाठी ४ ग्रॅम अगार (चायना ग्रास) पावडर १५० मिलिलिटर पाण्यात २ मिनिटं उकळून मिश्रणात घालता येते. अंडी आणि कॉर्नफ्लोअर वगळा, थर नुसत्या बटरने बांधा आणि मिश्रण भाजू नका. अगार ३५ ते ४० अंशांनाच गोठतं, म्हणून मिश्रण आधी कोमट करून घ्या. थंडगार चक्क्यात ओतलं तर दोरे आणि गाठी होतात. अंड्याशिवायच्या कित्येक कृतींत कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा असतो. ४०० ग्रॅमच्या त्या डब्यात सुमारे १,३०० कॅलरी असतात आणि निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. चक्का वापरून वाचवलेलं सगळं तिथे परत जातं.

आपल्या कृतीची बेरीज १,९५० च्या आत राहते. १० तुकडे केले तर प्रत्येकी सुमारे १९५ कॅलरी. मात्र हा तुकडा ९० ग्रॅमचा आहे, आधीचा दीडशे ग्रॅमचा होता. १०० ग्रॅमला १०० ग्रॅम लावून पाहिलं तर ३४० च्या जागी २१५ येतात. म्हणजे कृतीने एक तृतीयांशाहून थोडं जास्त वाचवलं, उरलेली बचत आकाराची. हॉटेलातला किंवा पाकिटातला ‘लाइट’ चीजकेक घेतानाही हीच तपासणी करावी. भारतात १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. शेजारी वाढपाचं वजन किती, तेही बघा.

साखर ८० ग्रॅमच्या खाली नेऊ नये. त्याऐवजी गोडी जास्त जाणवेल असं करा. जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या पेशींमधली एक वाहिनी उबेत जास्त काम करते, थंडीत मंदावते. त्यामुळे तुकडा फ्रीजबाहेर १५ मिनिटं ठेवून खाल्ला तर तीच साखर जास्त गोड लागते. एरिथ्रिटॉल या साखरेच्या पर्यायात कॅलरी जवळपास नसतात, पण ते साखरेच्या ७० टक्केच गोड असतं आणि थंड झाल्यावर त्याचे खडे होऊन दाताखाली येतात. वापरायचंच तर २०-२५ ग्रॅम साखरेच्या जागी, पिठीसारखं दळून.

वरून फळ घालायचं तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उत्तम. १०० ग्रॅमला तीसेक कॅलरी, आणि आंबट असल्यामुळे चक्क्याला शोभते. ती वाढतानाच ठेवा, आधी ठेवली तर रस सुटून केक ओला होतो. कच्चं अननस, किवी आणि पपई मात्र टाळा. त्यांची विकरं (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतात. चव कडवट होते, आणि जिलेटिन घातलेलं असेल तर केक वितळतो. अननस शिजवून घेतलं की ही अडचण राहत नाही.

सगळा केक टेबलावर ठेवू नका. पहिल्या काही घासांनंतर त्याच चवीचा आनंद झपाट्याने कमी होतो, हात मात्र चालू राहतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक तुकडा वेगळा कापा आणि डब्यात भरा. फ्रीजमध्ये तो ३ ते ४ दिवस टिकतो. क्रीम चीजचा केक फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहतो, चक्क्याचा राहत नाही: पाणी जास्त असल्याने बर्फाचे कण होतात आणि वितळल्यावर पोत रवाळ होतो. घरात माणसं कमी असतील तर निम्म्या मापाने, चार-पाच वाट्यांमध्ये, थर न घालता भाजा. वाटीला २० ते २५ मिनिटं पुरतात.